न्यायमंदिरात रोज कोर्ट भरतं

बडोद्याच्या न्यायमंदिरावरचा, म्हणजे इथल्या जुन्या कोर्टाच्या इमारतीवरचा, माझा एक जुना लेख आहे, २००९ सालचा. त्यात लिहिलंय की सुरसागरकडून लहेरीपुऱ्याच्या दिशेने निघालं की काळे कोटवाले, टायपिंगवाले, स्टँपपेपरवाले आणि तारखेला आलेली गावाकडची माणसं यांच्यातून वाट काढत पुढे जावं लागतं, आणि आत रोज कोर्ट भरतं. सरळ वर्तमानकाळ. २०१८ साली कोर्ट तिथून उठलं आणि दिवाळीपुऱ्यातल्या नव्या इमारतीत गेलं, त्यामुळे आज कोणी नवीन माणसाने तो लेख वाचला तर त्याला वाटेल हिला काही माहीत नाही. पण ज्या दिवशी लिहिलं त्या दिवशी ते बरोबर होतं आणि म्हणूनच ते आज कामाचं आहे. कोर्ट तिथे असताना तो रस्ता कसा दिसायचा हे आता तिथे जाऊन कळणार नाही, ते फक्त तेव्हा लिहिलेल्यातच सापडणार. म्हणून ते वाक्य मी बदललेलं नाही. त्याच्या वर तारीख ठळक घातली, खाली दोन ओळींची टीप घातली आणि तो लेख माझ्या स्वतःच्या साइटवर आणून ठेवला.

गेले बरेच महिने हेच काम चाललंय. जुनं, इकडेतिकडे पडलेलं लिखाण शोधायचं, साफ करायचं, तारीख लावायची आणि एका जागी ठेवायचं.

मी लिहिते ते बहुतेक बडोद्याबद्दलच. दांडियाबाजारातलं लहानपण, रावपुऱ्यातला तांबेकरवाडा, खंडेराव मार्केटमधली भाजी, उत्तरायणात (संक्रांतीला) अगाशीवर, म्हणजे गच्चीवर, दोन दिवस चालणारा आरडाओरडा, इथले गणपती, विश्वामित्रीचे पूर, आणि इथे 'दक्षिणी' म्हणून ओळखली जाणारी आमच्यासारखी घरं, ज्यांच्या चार-पाच पिढ्या बाहेर गुजरातीत व्यवहार करून घरात मराठी बोलत आल्या. २००६ पासून हे सगळं मी नेटवर लिहीत आले, पण एका जागी कधीच नाही. जिथे तेव्हा मराठी माणसं जमायची तिथे लिहायचे. थोडं ऑर्कुटवर, थोडं याहूच्या एका ग्रुपवर, बरंचसं एका फुकट जागा देणाऱ्या साइटवर जिचा पत्ता आता टाकला तर भलतंच काहीतरी उघडतं, नंतर फेसबुक, आणि मधली काही वर्षं तर सरळ व्हॉट्सॲपवर, जिथे सकाळी लिहिलेलं संध्याकाळपर्यंत दोनशे शुभेच्छांच्या खाली गाडलं जातं आणि फोन बदलला की कायमचं जातं.

आणि हे काही माझ्या एकटीचं नाही. जिओसिटीजवर १९९४ पासून जगभरच्या साध्या लोकांनी आपापली पानं बनवली होती, १९९९ ला याहूने ती विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये बंद करून टाकली. ऑर्कुट जानेवारी २००४ ला सुरू झालं, ३० सप्टेंबर २०१४ ला संपलं. गुगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये गेलं. याहू ग्रुप्समधला मजकूर डिसेंबर २०१९ मध्ये काढायला घेतला आणि १५ डिसेंबर २०२० ला ते दुकान पूर्णच बंद झालं. दरवेळी आधी सूचना येते, डाउनलोड करून घ्या म्हणून सांगतात, पण ज्याने लिहिलं तो माणूस तोपर्यंत तिथून कधीच उठून गेलेला असतो आणि सूचना जाते त्याच्या जुन्या ईमेलवर. आणि जो माणूस जगातूनच गेला त्याचं काय? आमच्या त्या ग्रुपवर एक काका होते, बडोद्याच्या रेल्वेच्या नोकरीतल्या आठवणी इतक्या छान लिहायचे, नॅरोगेजचे गार्ड, डभोईकडच्या गाड्या, सगळं. ते गेले तेव्हा त्यांच्या मुलांना बाबा काही लिहितात हेच माहीत नव्हतं, आणि कळलं तोवर तो ग्रुपच राहिला नव्हता. मला त्यातलं एक वाक्यही आठवून लिहिता येत नाही, नुसती गोडी आठवते. याचं मला अजून वाईट वाटतं.

२०२४ मध्ये अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने तपासून सांगितलं की २०१३ साली नेटवर असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडतच नाहीत. ही सगळ्या नेटची गोष्ट झाली. आता त्यात महाराष्ट्राबाहेरच्या एका शहरातल्या मराठीत लिहिलेलं किती असणार आणि ते जपायला कोण येणार? पुण्या-मुंबईच्या लोकांना बडोद्याचं मराठी लिखाण जपायची काही गरज नाही, त्यांच्याकडे त्यांचंच भरपूर आहे. गुजरातमध्ये गुजराती जपतील आणि ते बरोबरच आहे. मधे आपण आहोत. २०१८ मध्ये अखिल भारतीय साहित्य संमेलन इथे भरलं तेव्हा सगळ्यांना आठवलं की बडोद्यात केवढं मराठी आहे, सगळे सयाजीराव महाराजांबद्दल बोलले, फोटो निघाले, मंडप उतरला. मला तेव्हापासून वाटतंय की महाराजांच्या काळचं जपलेलं आपण अभिमानाने दाखवतो, मग आत्ताचं कोण जपतंय?

कारण जपण्याच्या बाबतीत हे शहर साधंसुधं नाही. १९०६ मध्ये आख्ख्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं, मग शिकलेल्यांना वाचायला काय देणार म्हणून १९१० ला महाराजांनी अमेरिकेहून बोर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले आणि राज्यभर लायब्ऱ्यांचं जाळं विणलं, ज्या गावात लायब्ररी नाही तिथे पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरायच्या. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत कपाटांच्या मजल्यांची जमीन काचेची आहे, वरचा उजेड खालच्या मजल्यावर पोचावा म्हणून. माझे आजोबा तिथे नेमाने जायचे, आणि मी कॉलेजात असताना तिथे बसून जुने मराठी अंक चाळलेत, शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी बडोद्यातल्या पाण्याच्या नळाबद्दल तक्रार केलेली वाचलीये. त्या माणसाला वाटलं पण नसेल की हे कोणी वाचेल. ते वाचता आलं कारण ते छापलेलं होतं. छापील पुस्तकांसाठी १९५४ चा कायदा आहे, प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना प्रत पाठवायची, वर्तमानपत्रंही त्यात येतात. नेटवर लिहिलेल्याला असला काही आधार नाही. लिहिणाऱ्याने स्वतः ठेवलं तर राहील.

आता खरं काम काय असतं ते सांगते, कारण नुसतं 'जपा जपा' म्हणून काही होत नाही.

सगळ्यात वेळ गेला तो बाबांच्या फाइलींमध्ये. बाबा आता नाहीत. रिटायर झाल्यावर त्यांनी कॉम्प्युटर शिकून आठवणी टाइप केल्या होत्या, मंडळाच्या स्मरणिकेसाठी काही आणि बाकीच्या अशाच, आणि त्या सगळ्या शुषा फाँटमध्ये. ज्यांनी तो काळ पाहिलाय त्यांना माहीत असेल, तेव्हा मराठी म्हणजे आतून इंग्रजी अक्षरंच असायची, वर फक्त फाँटचं सोंग. 'मराठी' एवढं लिहिलं की कॉम्प्युटरच्या लेखी ते एम-ए-आर-ए-झेड-आय असायचं. फाँट आहे तोवर मराठी दिसणार, फाँट काढला की पानभर इंग्रजी अक्षरांचा ढीग. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा १९९१ पासूनच होत्या पण आपल्या घरातल्या कॉम्प्युटरपर्यंत ते पोचायला बरीच वर्षं लागली, आणि त्या मधल्या काळात लिहिलेलं सगळं असं अडकून पडलंय, कोणाचं शुषात, कोणाचं शिवाजीत, कोणाचं श्रीलिपीत. बडोद्यातल्या कितीतरी घरांत अशा सीड्या पडून असतील.

बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात, फुकट मिळतात, पण त्यांच्यावर सोडून देता येत नाही. त्या जुन्या फाँटात ऱ्हस्व वेलांटी आधी टाइप करायची आणि अक्षर नंतर, कारण कागदावर ती आधी दिसते, युनिकोडमध्ये अक्षर आधी आणि वेलांटी मागून. रफाराचं नेमकं उलटं. त्यामुळे साधे शब्द नीट येतात पण 'कार्यकर्त्यांनी', 'विश्वामित्री', 'अर्ध्या' असं काही आलं की वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात. मग एकेक ओळ वाचायची. मी रोज रात्री जेवणं झाली की बसायचे आणि खरं सांगायचं तर त्या कामाचा मला कधी कंटाळा आला नाही, कारण वेलांट्या दुरुस्त करता करता बाबांचं सगळं लिखाण मी इतक्या सावकाश वाचलं जितकं ते असताना कधी वाचलं नव्हतं.

आणि तिथेच एक प्रश्न आला. बाबा 'नांव', 'कांहीं', 'पांच' असं लिहायचे. त्यांची शाळा १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीची, ते अनुस्वार त्यांच्या हातात बसलेले. शिवाय गुजराती शब्द मधेमधे, 'मला ते काम फावलं नाही', 'तपास केली'. ते सुधारायचं का? भाची म्हणाली, "मावशी, लोक म्हणतील शुद्धलेखन तपासलं नाही." पण मी नाही सुधारलं. बडोद्यात नाही का प्राच्यविद्यामंदिर, तिथे वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती झाली, १९५१ ला काम सुरू झालं आणि १९७५ ला पुरं झालं, देशभरातून हस्तलिखितं गोळा करून, ताडपत्रं, कागद, वेगवेगळ्या लिप्या, एकेक श्लोक ताडून पाहिला, आणि जो पाठ वर घेतला नाही तो फेकून नाही दिला, खाली तळटीपेत नोंदवला. कोणत्या पोथीत काय आहे ते वाचणाऱ्याला बघता येतं. ही शिस्त आपल्या घरच्या लिखाणाला लावायला कोणी पंडित असायची गरज नाही. वरचं जसंच्या तसं, माझं जे काही म्हणणं ते खाली, वेगळ्या अक्षरात आणि तारखेसकट. न्यायमंदिराच्या लेखाखाली आता असं आहे: कोर्ट २०१८ साली हललं. बस. वरच्या लेखाला हात नाही.

फक्त शोधण्याची एक अडचण उरते. समजा कोणी 'नाव' टाकून शोधलं तर 'नांव' सापडत नाही. त्याहून वाईट म्हणजे 'ॲ'. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं, त्याआधी आपण सगळे अ टाइप करून त्याच्या डोक्यावर चंद्र द्यायचो. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात पण कॉम्प्युटरला ती दोन वेगळी अक्षरं आहेत, त्यामुळे माझ्याच २००७ च्या लेखात 'ॲडव्होकेट' शोधलं तर नाही म्हणून सांगतो. यावर उपाय म्हणजे प्रत्येक लेखाच्या शेवटी शोधण्यासाठीचे शब्द आजच्या पद्धतीने वेगळे लिहायचे. लेखात ढवळाढवळ नाही आणि सापडतं पण.

सोशल मीडियावरचं उतरवून घेणं हा आणखी एक प्रकार. एका मोठ्या साइटवरून माझं सगळं लिखाण मी डाउनलोड केलं, सोय आहे तशी, आणि फाइल उघडली तर आत मराठीचा पत्ता नाही, जिथे तिथे डोक्यावर तिरकी रेघ असलेला ए आणि त्याच्या मागे कसलीतरी चिन्हं. मी घाबरलेच. भाचीने बघून सांगितलं की मराठी कुठेही गेलेलं नाही. देवनागरीचं एक अक्षर साठवायला तीन बाइट लागतात आणि इथे त्या तीन बाइटना तीन वेगवेगळी अक्षरं समजून लिहिलंय, उलटं फिरवलं की मूळ अक्षर परत मिळतं. तिने चार-पाच ओळींचा प्रोग्राम लिहिला आणि खरंच सगळं जागेवर आलं. मला हे मुद्दाम सांगायचंय कारण अशी फाइल बघून कितीतरी लोकांनी 'गेलं वाटतं' म्हणून ती पुसून टाकली असेल. पुसू नका. विचारा कोणाला तरी.

तारखांचं पण बघावं लागतं. ह्या उतरवलेल्या फाइलींमध्ये वेळ बहुतेक ग्रीनिचची असते, आपण साडेपाच तास पुढे, म्हणजे आपण मध्यरात्रीनंतर पहाटे साडेपाचपर्यंत जे काही लिहिलं ते सगळं आदल्या दिवशीचं दिसतं. नुसती एका दिवसाची गडबड, असं वाटेल. पण मी बरंचसं लिहिलंय रात्रीच. वासी उत्तरायणाबद्दल (उत्तरायणाचा दुसरा दिवस) त्या रात्री उशिरा लिहिलेलं १५ जानेवारीला पडलं म्हणून चालेल, पण पुराच्या दिवसांत असं झालं तर सगळाच घोटाळा.

पुरावरून सांगते. ३१ जुलै २०१९ ला बडोद्यात एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस पडला, विश्वामित्री बाहेर आली, मगरी सोसायट्यांमध्ये शिरल्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. मी इथल्या समा भागाकडे राहते. लाइट नव्हती, फोनची बॅटरी जपून वापरत मी अधूनमधून दोन-दोन ओळी टाकत होते, पाणी आता कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या दुसऱ्या पायरीला लागलंय, आता देवळाच्या ओट्यावर आलंय, आता उतरायला लागलंय. त्यात साहित्य म्हणून काही नाही. पण ते मी साइटवर वेळेसकट ठेवलं होतं, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये परत पूर आला तेव्हा आमच्या सोसायटीतल्या लोकांनी तेच उघडून बघितलं की दुसऱ्या पायरीपासून पार्किंगपर्यंत यायला मागच्या वेळी किती वेळ लागला होता, आणि त्या हिशोबाने गाड्या हलवल्या. खालच्या मजल्यावरचे शहाभाई मराठी वाचत नाहीत, त्यांना मी गुजरातीत वाचून दाखवलं. पेपरमध्ये शहराचा पाऊस येतो, नदीची पातळी येते, पण आमच्या कोपऱ्यावरची दुसरी पायरी कुठल्याच पेपरात येणार नाही.

फोटोंची कथा जास्त दुःखाची आहे. तांबेकरवाड्यावर मी फोटोंसकट लिहिलं होतं. रावपुऱ्यातला हा वाडा बडोद्याचे दिवाण विठ्ठल खंडेराव तांबेकर यांचा, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातला, भिंतींवर चित्रंच चित्रं, कृष्णलीला, महाभारत, इंग्रज-मराठ्यांची लढाई. आता पुरातत्त्व खात्याकडे आहे. बाहेरून जाणाऱ्याला कळत पण नाही की आत काय आहे. मी फोटो एका फुकट फोटो-साइटवर ठेवून लेखात नुसती लिंक दिली होती, सगळे तसंच करायचे, आणि ती सोय बंद झाल्यावर लेखात फोटोंच्या जागी राखाडी चौकोन राहिले. 'डावीकडच्या चित्रात बघा' असं वाक्य आणि डावीकडे काही नाही. नशिबाने त्यातले काही मोठ्या आकारात बहिणीला ईमेलने पाठवले होते, ते तिच्या मेलमधून मिळाले. बाकीचे नाहीत. राखाडी चौकोन मी काढून टाकले आणि तिथे फोटोत काय होतं ते शब्दांत लिहिलं, कंसात, आत्ताच्या तारखेने. फोटो लेखाच्या शेजारी, त्याच फोल्डरमध्ये पाहिजे. हा नियम मी आता कधीच मोडत नाही.

साइट कशी केली हे बरेच जण विचारतात म्हणून. भाची सॉफ्टवेअरमधली, तिने पहिल्यांदा छान चकचकीत काहीतरी दाखवलं, आणि मग तीच म्हणाली की मावशी, यात दर थोड्या दिवसांनी अपडेट येणार, ते केलं नाही तर कोणीतरी हॅक करणार, आणि मी परदेशी गेले तर तुला हे फावणार नाही. मग आम्ही अगदी साधी एचटीएमएलची पानं केली. एक लेख, एक फाइल. मागे डेटाबेस नाही, लॉगिन नाही. जगातलं पहिलं वेब पान १९९१ मधलं, सर्नने ते २०१३ मध्ये परत त्याच्या जुन्या पत्त्यावर लावलं आणि ते आजच्या फोनवर उघडतं, हे मला तिने दाखवलं तेव्हा माझा निर्णय झाला. त्याच्या कितीतरी नंतर आलेलं, साइटवर हलती चित्रं दाखवणारं फ्लॅश २०२० च्या शेवटी संपलं पण. मराठीतला हजार शब्दांचा लेख म्हणजे वीस केबीच्या आसपास, फोनच्या एका फोटोच्या जागेत शंभरावर लेख मावतील, त्यामुळे जागेचा प्रश्नच येत नाही, माझं सगळं आयुष्यभराचं लिखाण एका जुन्या पेन ड्राइव्हच्या कोपऱ्यात बसतं.

पत्त्याबद्दल थोडा वाद झाला. मला पत्ता मराठीत हवा होता, .भारत २०१४ पासून मिळतंच. भाचीने व्हॉट्सॲपवर एक मराठी पत्त्याची लिंक पाठवून दाखवली. मराठी लेखाचं नाव पत्त्यात घातलं की पाठवताना प्रत्येक अक्षराचं टक्का-ई-शून्य-टक्का-ए-चार असं नऊ चिन्हांचं शेपूट होतं, आणि वर्डप्रेससारख्या ठिकाणी त्या भागाला २०० चिन्हांची मर्यादा, म्हणजे बावीस अक्षरांत नाव कापलं जाणार. मराठीत जोडाक्षरं आणि काना-मात्रा वेगळे मोजतात, बावीस म्हणजे तीन-चार शब्दच. वाईट वाटलं, पण पत्ता हा फोनवर कोणालाही सांगता आला पाहिजे आणि गुजराती शेजाऱ्यालाही टाइप करता आला पाहिजे. म्हणून डोमेन साधं .इन चं, आणि लेखाच्या पत्त्यात फक्त साल, महिना आणि छोटं नाव रोमन लिपीत. लेख मराठी, शीर्षक मराठी, पत्ता तेवढा सोपा. आणि एकदा दिलेला पत्ता परत बदलायचा नाही. कोणी आपली लिंक कुठे लिहून ठेवली असेल आपल्याला कळत नाही, एखाद्या मुलीने कॉलेजच्या प्रोजेक्टच्या शेवटी दिली असेल.

सगळंच काही मी वर ठेवलेलं नाही. जुन्या लिखाणात शेजारच्यांच्या घरातल्या गोष्टी आहेत, एका मावशींचं आजारपण आहे, पोळातल्या (गल्लीतल्या) एका लग्नाची हकिगत आहे जी तेव्हा शंभर ओळखीच्या माणसांत सांगायला ठीक होती. त्या माणसांनी काही नेटवर कायमचं राहायला होकार दिला नव्हता. असं लिखाण घरच्या कॉम्प्युटरवर पूर्ण आहे आणि साइटवर त्या लेखाच्या जागी स्पष्ट लिहिलंय की इथे लेख होता, दुसऱ्यांच्या खासगी गोष्टी असल्यामुळे ठेवलेला नाही. गुपचूप गाळणं मला पटत नाही. स्वतःची जुनी मतं मात्र सगळी ठेवली आहेत. शहरात झालेल्या एखाद्या पुलाबद्दल, गरब्याच्या पासांच्या किमतीबद्दल मी तेव्हा तावातावाने काय म्हणाले होते ते राहू दे, त्यातून तेव्हा लोकांना काय खुपत होतं तेच कळतं.

आणि प्रती. एक वेबवर, एक घरच्या कॉम्प्युटरवर, एक पुण्याला बहिणीकडे हार्ड डिस्कवर, कारण घरात पाणी शिरलं तर कॉम्प्युटर आणि पेन ड्राइव्ह दोन्ही एकदमच जातील. इंटरनेट आर्काइव्ह १९९६ पासून जगाच्या साइटी साठवतंय, त्यांच्या वेबॅक मशीनमध्ये मला माझे हरवलेले दोन लेख मिळाले, त्या लोकांचे उपकार आहेत. तिथे आपण होऊन आपलं पान जमा करता येतं, मी प्रत्येक पान केलं. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांच्यावरच सायबर हल्ला झाला आणि काही दिवस सगळं बंद होतं, म्हणजे तेही एकट्यावर सोडून चालायचं नाही. निवडक लेख मी कागदावर पण काढले, साध्या ए-फोरवर, स्पायरल बाइंडिंग करून, एक प्रत घरी आणि एक मंडळाच्या कपाटात.

डोमेन एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी घेता येतं, तेवढं घेतलं. पैसे कोणत्या खात्यातून जातात, पासवर्ड कुठे आहे, साइट चालवायला काय लागतं आणि समजा चालवायची नसेल तर निदान फाइली कोणाकडे द्यायच्या, हे सगळं एका पानावर लिहून इन्शुरन्सच्या आणि घराच्या कागदांबरोबर ठेवलंय. भाचीला ते बघून कसंतरीच झालं, "अगं मावशी, असं काय लिहितेस," म्हणाली. पण रेल्वेवाल्या काकांच्या घरी असं एक पान असतं तर आज नॅरोगेजच्या त्या सगळ्या आठवणी वाचायला मिळाल्या असत्या.

आता बाबांच्या सीडीवरचे शेवटचे लेख राहिलेत, इथल्या मराठी नाटकांवरचे. हौशी मंडळींची नाटकं, गांधी नगरगृहातल्या तालमी, पेटी कोण वाजवायचं, पडदे कोण रंगवायचं. वेलांट्या लावून झाल्यात. अडचण एवढीच की बाबांनी बहुतेकांची नुसती आडनावं लिहिली आहेत, 'आपले जोशी', 'रावपुऱ्याचे पवार' अशी, आणि त्यांना ओळखणारी पिढी आता ऐंशीच्या पुढे आहे. रविवारी मी त्यातल्या दोघांकडे छापील पानं घेऊन जाणार आहे. जी नावं ते सांगतील ती बाबांच्या लेखात नाही घालणार, खाली टीप म्हणून घालेन, कोणी सांगितलं आणि कधी सांगितलं ते लिहून, त्यांनी परवानगी दिली तर.